उमेदीची वर्षे एका गावाला, बाकीची दुसऱ्याला

खानदेशात आखाजी (अक्षय्य तृतीया) हा माहेरवाशिणींचा आणि झोक्यांचा सण आहे, तसाच तो शेतमजुराच्या हिशेबाचाही दिवस आहे. या दिवशी जुने साल संपते आणि नवे लागते. सालदार कोणाकडे राहणार, वर्षाचे किती घेणार, त्यातले आगाऊ किती उचलणार, हे आखाजीच्या आगेमागे ठरते. बोली एका वर्षाची असते. हा गडी कामाला येण्याजोगा होईपर्यंत त्याच्यावर कोणाचे किती खर्च झाले आणि हात थकल्यावर त्याला कोण सांभाळणार, या गोष्टी बोलीत निघत नाहीत. सालदार शेजारच्याच गावचा असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. ज्या राज्याच्या शाळेत तो शिकला, तेच राज्य त्याच्या कष्टाचे फळ घेते आणि म्हातारपणी श्रावणबाळ योजनेचे पैसेही तेच देते. पण तो सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातल्या बडवानी किंवा खरगोन जिल्ह्यातून आलेला असेल, तर त्याच्या आयुष्याचा हिशेब फुटतो. मधली उमेदीची वर्षे एका राज्याला मिळतात, दोन्ही टोकांचा खर्च दुसऱ्यावर पडतो. बाहेरून आलेला माणूस स्थानिकांना भार होतो की आधार, हा वाद युरोप-अमेरिकेत निवडणुका फिरवतो आणि आपल्याकडेही अधूनमधून पेटतो. त्यात बहुतेक वेळा त्या माणसाच्या अंगी काय आहे, तो कष्टाळू की ऐतखाऊ, यावरच बोलले जाते. माझे म्हणणे असे की, उत्तर त्या माणसापेक्षा त्याच्या बालपणाचा, कामाच्या वर्षांचा आणि म्हातारपणाचा खर्च कोणत्या तिजोरीवर टाकायचा हे ठरवणाऱ्या नियमांत जास्त सापडते. म्हणूनच एकच माणूस एका देशात भार ठरतो आणि दुसऱ्या देशात घबाड.

याची दोन टोके पाहा. स्वीडनमध्ये कर जबर आहेत आणि त्या बदल्यात शाळा, दवाखाना, बेकारी, म्हातारपण हे सारे सरकार पाहते. तिथे पंचविशीतला तयार कारागीर बाहेरून आला आणि लगेच कामाला लागला, तर सरकारी तिजोरीच्या दृष्टीने तो आयता लाभ असतो, कारण त्याच्या शाळेचा खर्च दुसऱ्या देशाने केलेला असतो. पण युद्धातून पळून आलेल्या कुटुंबाला भाषा शिकून काम मिळवायला काही वर्षे लागतात आणि तोवर त्याच तिजोरीला खर्च सोसावा लागतो. २०१५ या एका वर्षात स्वीडनमध्ये १ लाख ६३ हजारांच्या आसपास लोकांनी आश्रय मागितला, तेव्हा तिथले राजकारण ढवळून निघाले ते यापोटीच. दुसरे टोक आखाती देशांचे. कतार आणि संयुक्त अरब अमिरातीत दहांपैकी जवळपास नऊ माणसे बाहेरची आहेत. तिथे व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि नोकरी संपली की परत फिरावे लागते. कमी पगाराच्या बहुतेक कामगारांना कुटुंब नेता येत नाही, त्यामुळे मुलांच्या शाळेचा प्रश्नच नाही, आणि म्हातारपणी तिथे राहायचेच नाही. त्या देशांनी फक्त मधली वर्षे घेतली आणि दोन्ही टोके केरळवर, बिहारवर, बांगलादेशावर, नेपाळवर सोडली.

अमेरिका या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये स्थलांतराच्या जमाखर्चावर मोठा अहवाल काढला. पहिल्या पिढीतले स्थलांतरित राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या तिजोरीला खर्चिक दिसतात, आणि त्याचे मुख्य कारण त्यांच्या मुलांचे शिक्षण. मात्र तीच मुले मोठी झाली की कर भरणाऱ्यांत ती सर्वांत जोरकस लोकांत मोडतात. शाळेचा खर्च आजच्या वहीत लिहिला जातो आणि कर वीस वर्षांनंतरच्या. मधेच वही उघडून पाहणाऱ्याला तोटा दिसणारच. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या सदस्य देशांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक ठिकाणी स्थलांतरितांचा निव्वळ परिणाम राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत निघाला, कुठे अधिक तर कुठे उणे. इतक्या तापलेल्या वादाच्या मानाने हा आकडा फारच लहान आहे. आपल्या मराठी घरांतून एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मुलामुलींनाही हे नियम चांगलेच ठाऊक आहेत. त्यांच्या पगारातून सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यापोटी ७.६५ टक्के कापले जातात. पेन्शनचा हक्क मात्र साधारण दहा वर्षांच्या कामानंतरच लागू होतो आणि त्याआधी परतणाऱ्याचे पैसे अमेरिकेच्या तिजोरीतच राहतात. जर्मनीशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, अमेरिकेशी असा करार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि सरकारी अनुदानाच्या महाविद्यालयात घडलेला तोच अभियंता जर्मनीत गेला तर त्याची जमा एका तऱ्हेने धरली जाते आणि टेक्सासात गेला तर दुसऱ्या.

आता खानदेशाकडे वळू. कारण हा सगळा जागतिक वाद इथे दोन राज्यांच्या सीमांवर, रोजच्या जगण्यात चालू आहे. पहूर हे जामनेर तालुक्यातले वाघूर नदीकाठचे गाव. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोरा-शेंदुर्णीहून जामनेरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. हा कापसाचा मुलूख आहे. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटतात आणि तीन-चार वेचण्या होईपर्यंत मजुरांची ओढाताण चालते. वेचणी किलोवर असते. फुटलेला कापूस झाडावर राहिला आणि अवकाळी पाऊस पडला तर तो पिवळा पडतो, भाव उतरतो, म्हणून त्या दिवसांत येईल तो हात मोलाचा असतो. उत्तरेला तापीपलीकडे रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात सातपुड्यातले पावरा आणि बारेला मजूर घड कापायला, वाहायला, रखवालीला आणि सालावर येतात. आणि याच खानदेशातला भूमिहीन आणि कोरडवाहू शेतकरी त्याच मोसमात पश्चिमेकडे निघतो. ताप्ती व्हॅली रेल्वेने अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार मागे टाकत सुरतेला, उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर आणि कपड्याच्या कारखान्यांत. किंवा मुकादमाच्या ट्रकमधून बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला. म्हणजे खानदेश एकाच वेळी माणसे घेतोही आणि देतोही. सातपुड्याने वाढवलेला माणूस खानदेशाला मिळतो, खानदेशाने वाढवलेला गुजरातला. या साखळीत जो जितका खाली तो तितका आयते हात मिळवतो आणि जो जितका वर, डोंगरात, त्याच्या पदरी लहान मुले आणि म्हातारी माणसे उरतात.

बारडोलीच्या ऊसतोडीवर डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकापासून लिहिले आहे आणि त्यांच्या लिखाणात ‘खानदेशी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. जुन्या धुळे जिल्ह्यातून जाणाऱ्या तोडणी मजुरांना तिकडे हेच नाव होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, जमले तर पेंढ्या ओढायला एक पोर. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मुकादम उचल देतो आणि पुढचा हंगामभर ती उचल फेडायची. ब्रेमन यांनी एक अवघड प्रश्न विचारला. बारडोलीच्या परिसरात हळपती समाजाचे भूमिहीन मजूर कामाशिवाय बसलेले असताना कारखान्यांनी एवढ्या लांबून माणसे का आणावीत? उत्तर कौशल्यात नव्हते. बाहेरचा माणूस उचलीने बांधलेला असतो, पडावावरच राहतो, मध्यरात्री ट्रक आला तरी उठून ऊस भरतो. घरी आजारी आई आहे म्हणून तो जाऊ शकत नाही आणि गावातल्या पुढाऱ्याकडे तक्रारही नेऊ शकत नाही. त्याचे मतदान, तेव्हा त्याचे रेशनही, त्याचा सरकारी दवाखाना हे सगळे दोनशे-अडीचशे किलोमीटरवर राहिलेले असते.

बाहेरचे लोक येऊन मजुरी पाडतात, या नेहमीच्या तक्रारीकडे या नजरेने पाहायला हवे. तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण अर्थशास्त्रात तिची कसून तपासणी झाली आहे. १९८० मध्ये क्यूबातून सव्वा लाख माणसे काही महिन्यांत अमेरिकेत उतरली आणि एकट्या मायामीतल्या कामकऱ्यांची संख्या सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी दहा वर्षांनी आकडे पाहिले, तर स्थानिकांची मजुरी आणि बेकारी जवळपास हलली नव्हती. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडले आणि शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी घसरल्याचा निष्कर्ष काढला. तो वाद मिटलेला नाही. मला मात्र बारडोली जास्त बोलकी वाटते. तिथे हळपतींची सौदाशक्ती खानदेशी माणसाच्या येण्याने गेली, त्याहून जास्त खानदेशी माणूस हक्कांशिवाय आला म्हणून गेली. त्याला रेशन, शाळा, दवाखाना आणि काम सोडून जाण्याची मोकळीक असती, तर तो हळपतीपेक्षा स्वस्त पडला नसता आणि कारखान्याला त्याला इतक्या लांबून आणण्याचे कारणही उरले नसते. रावेरच्या केळीबागेतल्या बारेला रखवालदाराबाबतही हेच खरे आहे, फक्त तिथे कारखान्याच्या जागी आपण आहोत.

हक्क माणसासोबत चालत का नाहीत, याचे उत्तर पैसा कोणाचा यात आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ ही योजना ९ ऑगस्ट २०१९ रोजी दोन जोड्यांपासून सुरू झाली. एक आंध्र-तेलंगणाची, दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. जून २०२२ मध्ये आसाम आल्यावर देश पूर्ण झाला. आता लिंबायतच्या दुकानात अंगठा लावून खानदेशी मजूर आपल्या वाट्याचे पाच किलो उचलू शकतो आणि उरलेल्यांचे धान्य घरची माणसे गावात घेऊ शकतात. हे का जमले? कारण राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालच्या धान्याचा बोजा मुख्यतः केंद्रावर आहे. सुरतेच्या दुकानातून खानदेशी माणसाला धान्य दिल्याने गुजरातच्या तिजोरीला फरक पडत नाही. जिथे पैसा राज्याचा, तिथे दार लगेच बंद होते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली आणि तिची पहिली अट महाराष्ट्राची रहिवासी असण्याची आहे. बऱ्हाणपूरची मुलगी लग्न होऊन रावेरला आली तर नवऱ्याच्या कागदांवर तिला दरमहा १,५०० रुपये मिळू शकतात. बडवानीची बाई त्याच रावेरच्या बागेत वर्षानुवर्षे घड वाहत असेल आणि कागद तिकडचे असतील, तर मिळत नाहीत. ऊसतोड कामगारांसाठीच्या गोपीनाथ मुंडे महामंडळाचेही तसेच आहे. त्याचा निधी महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे आकारायचा आहे. खानदेशी कोयत्याने बारडोलीत तोडलेला ऊस त्या हिशेबात येणार कुठून? बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर एक टक्का उपकर लावला, पण कल्याण मंडळे राज्याराज्यांची आणि नोंदणीला वर्षात नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला.

याचा परिणाम मोजलाही गेला आहे. जागतिक बँकेच्या काही अर्थतज्ज्ञांनी २००१ च्या जनगणनेवरून शेजारशेजारच्या जिल्ह्यांमधले स्थलांतर तपासले. एकाच राज्यातल्या दोन शेजारी जिल्ह्यांत जितके लोक इकडून तिकडे जातात, ते प्रमाण राज्याच्या सीमेच्या अल्याडपल्याडच्या शेजारी जिल्ह्यांपेक्षा निदान दीडपट निघाले. अंतर आणि भाषा यांचा परिणाम वगळूनही. बऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामध्ये डोंगर नाही, समुद्र नाही, बोलीतही फार फरक नाही. तेव्हा आडवी येत होती ती रेशन, शिक्षण आणि सरकारी नोकरीच्या रहिवासाची अट. घटनेने भारतीयाला कुठेही जाण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण त्याच्या हक्कांना गावातच ठेवले आहे. याची किंमत मे २०२० च्या टाळेबंदीत दिसली. मध्य प्रदेशातले मजूर जालन्याच्या पोलाद कारखान्यातून गाडी पकडायला भुसावळकडे पायी निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या त्यांच्यापैकी १६ जण मालगाडीखाली गेले. ज्या शहराला त्यांचे हात हवे होते, त्या शहराने काम थांबल्यावर त्यांना दोन वेळचे जेवण द्यावे अशी कोणतीही व्यवस्था हक्काची नव्हती.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, हक्क सोबत नेता येऊ लागले तर माणसे जिथे जास्त मिळते तिथे लोटतील आणि उदार राज्य बुडेल. हा आक्षेप हवेतला नाही. डेन्मार्कने २००२ मध्ये युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांचा भत्ता निम्म्यापर्यंत कापला, तेव्हा येणाऱ्यांचा निव्वळ ओघ वर्षाला सुमारे पाच हजारांनी घटल्याचे तिथल्या अर्थतज्ज्ञांनी दाखवले आहे. म्हणजे भत्त्याची ओढ असते. पण मुख्यतः काम शोधायला निघालेल्या माणसाचे काय? २००४ मध्ये पोलंडसह पूर्व युरोपातले आठ देश युरोपीय संघात आले. जुन्या पंधरा सदस्यांपैकी तिघांनीच त्यांच्या मजुरांना पहिल्या दिवसापासून दार उघडले: ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. भत्ते सर्वांत घसघशीत स्वीडनचे. माणसे मात्र लोटली ती ब्रिटन-आयर्लंडला, कारण काम तिथे होते आणि थोडीफार इंग्रजी येत होती. शिवाय युरोपने आणखी एक गोष्ट केली आहे, जी आपण जरूर पाहावी. माणसाने पाच वर्षे जर्मनीत आणि वीस वर्षे पोलंडमध्ये काम केले, तर दोन्हीकडची वर्षे जोडून पेन्शनचा हक्क ठरतो आणि प्रत्येक देश आपापल्या वर्षांपुरता वाटा देतो. ज्याने मधली वर्षे वापरली, त्याच्याकडून म्हातारपणाचा हिस्सा वसूल होतो. हे दिल्लीच्या मध्यस्थीने दोन राज्यांतही होऊ शकते. गुजरात-महाराष्ट्रासारख्या जोड्यांपासून रेशनची सोय सुरू झाली, तसेच ऊसतोड महामंडळाच्या टनामागच्या आकारणीपासून हेही सुरू होईल.

दुसरा मार्ग महाराष्ट्रानेच जगाला दाखवला आहे: माणूस जिथे आहे तिथे काम पोचवण्याचा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तिच्या निधीसाठी जे कर लावले, त्यात १९७५ चा व्यवसाय कर मुख्य होता आणि त्याचा मोठा भाग मुंबईच्या पगारदारांच्या खिशातून येत होता. शहराने तो भरला यात सद्भावना होतीच, पण खेड्यातल्या माणसाला गावाजवळ काम मिळाले तर तो शहरावर कोसळणार नाही हा हिशेबही होता. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्यानंतर हा हिशेब तपासता आला. क्लेमाँ इंबेर आणि जॉन पॅप यांनी गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशच्या सीमा मिळतात त्या भिल्ल पट्ट्यात पाहणी केली. सरकारी काम मिळाले की हंगामी स्थलांतर घटते आणि शहरातली मजुरी वर सरकते, असे त्यांना आढळले. त्यातही एक गोष्ट मनात रुतून बसते. शहरात जवळपास दुप्पट मजुरी मिळत असतानाही माणसे गावाजवळचे कमी पैशांचे काम पत्करत होती. फुटपाथवर झोपणे, मुले मागे सोडणे, आजारात एकटे पडणे याची किंमत त्यांनी स्वतः ठरवली होती, आणि ती अर्ध्या मजुरीएवढी होती. स्थलांतरितांनी घरी पाठवलेल्या पैशाने मूळ गावाची भरपाई होतेच की, असे म्हणणाऱ्यांनी ही किंमत वजा करून पाहावी. उचलीच्या पैशाबाबत तर ते म्हणणे आणखी लंगडे पडते, कारण तो पैसा हंगामाआधीच पोटात, लग्नात किंवा दवाखान्यात गेलेला असतो.

रोजगार हमीमुळे मजूर मिळेनासे झाले, ही जळगाव-जामनेरकडच्या कापूस उत्पादकाची तक्रार मी समजू शकतो. त्याचा कापसाचा भाव त्याच्या हातात नसतो आणि वेचणीचा दर मात्र वाढतो. पण त्याचे दुखणे बाजारभावाचे आहे आणि त्याचे औषध बडवानीच्या माणसाला नाइलाजाने स्वस्त ठेवण्यात शोधणे चूक आहे. तोच शेतकरी दोन वर्षे दुष्काळ पडला की स्वतः सुरतेची गाडी धरतो.

सुरत इथे शेवटचा साक्षीदार म्हणून उपयोगी आहे. लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या वसली. अहिराणी तिथे रस्त्यावर ऐकू येते. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. म्हणजे इथे बाहेरच्या माणसाच्या मुलांचा खर्च काम घेणाऱ्या शहराने उचलला. त्या शहराला पुढे काय मिळाले तेही समोर आहे. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले आणि सुरतेत पोलीस शिपाई म्हणून नोकरी केलेले सी. आर. पाटील नवसारीचे खासदार आणि २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री झाले. लिंबायतने २०१२ पासून संगीता पाटील यांना आमदार म्हणून निवडून दिले. नावे राजकारणातली आहेत म्हणून ती दिसतात. त्यांच्यामागे दुकानदार, कारागीर, शिक्षक, कर भरणारी हजारो घरे आहेत, अमेरिकन अहवालातल्या दुसऱ्या पिढीसारखीच.

तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर, बारडोलीच्या शिवारात, त्याच खानदेशातून आलेल्या तोडकऱ्यांचा पडाव असतो. बांबूच्या काटक्यांवर प्लॅस्टिक ताणलेले आणि पाचट अंथरलेली खोपी, बाहेर तीन दगडांची चूल. मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असते, कारण आई-बाप पहाटेच फडात गेलेले असतात. तिच्या गावच्या शाळेने निघताना तिला शिक्षण हमी पत्रक दिलेले असले, तर ते दप्तरात असते. ज्या शाळेत दाखवायचे तिथे फळ्यावर गुजराती असते, आणि मार्चअखेर हंगाम उतरणीला लागला की पुन्हा परतायचे असते.